‘काका’चे ‘ताता’ होते म्हणून घरातले कन्नड बंद करू नका

तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’, ‘खाऊ’ला ‘थाऊ’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतो, शाळेने घरात कन्नड न बोलता केवळ मराठी बोलण्यास सांगितले आहे आणि नातेवाईक जिभेखालची दोरी कापून घ्या म्हणत आहेत, हे वाचून मला राहवले नाही. आठ वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरी हेच घडले होते. फक्त कन्नडच्या जागी तेलुगू होते. मी डॉक्टर नाही, स्पीच थेरपिस्टही नाही, एका मुलाची आई आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. कानांची तपासणी झाली असेलच, असे मी गृहीत धरते.

तुम्ही लिहिलेले शब्द वर्णमालेशी ताडून पाहा. क चा त, ख चा थ, ग चा द झाला आहे, म्हणजे कंठ्य (जिभेच्या मागच्या भागाने म्हणायच्या) वर्णांची ओळ जशीच्या तशी दंत्य (जिभेचे टोक दातांना लावून म्हणायच्या) वर्णांवर सरकली आहे. ख मधला महाप्राण, म्हणजे ‘ह’सारखा श्वासाचा जोर, थ मध्ये टिकला आहे आणि ग मधला घोष, म्हणजे घशातला कंप, द मध्ये. बदलले आहे ते उच्चाराचे स्थान. मुलगा वाटेल तसे बोलत नाही, तो एक नियम पाळतो आहे. पुष्कळ लहान मुलांच्या बोलण्यात हा नियम काही काळ असतो आणि साधारण चौथ्या वर्षापर्यंत आपोआप जातो. तुमच्याकडे तो रेंगाळला आहे, म्हणून मदत घ्यायची. दोरीचे म्हणाल तर ती जिभेचे टोक अडवते, आणि टोक लागते ते त आणि द साठी. क साठी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकावा लागतो. ज्याला त स्वच्छ म्हणता येतो, त्याचा क दोरी कापून कसा येईल? अर्थात निर्णय कान-नाक-घसा तज्ज्ञांनीच द्यावा.

आता आमची चूक सांगते. ‘दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो’ असे मुलाच्या शाळेने बजावले आणि आम्ही दीड वर्ष घरात तेलुगू बोललो नाही. सासूबाईंना मराठी येत होती ती बाजारापुरती. जेवण भरवताना गोष्टी सांगणाऱ्या त्या बाई नातवापुढे ताट सरकवून गप्प बसू लागल्या, आणि तोही त्यांच्याकडे जाईनासा झाला. ‘ताता’ मात्र तसाच राहिला. तेलुगूत कुत्र्याला ‘कुक्का’ म्हणतात. आमचा मुलगा ‘तुत्ता’ म्हणायचा. भाषांच्या सरमिसळीने चूक होत असती, तर तीच चूक दोन्ही भाषांत कशी झाली असती? एवढा एक प्रश्न शाळेत कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही, याचे दुःख आजही जात नाही. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष निर्माण होत नाही. तुमच्या मुलाला कन्नडमध्ये डोळ्याला काय म्हणतात ते विचारा. ‘कण्णु’चे ‘तण्णु’ झाले, तर उत्तर तुमच्या हाती आले.

आमच्या थेरपिस्ट बाईंनी एका वाटीत शेंगदाणे ठेवले आणि शेजारी मोबाईल ठेवला. ‘गाणे’ म्हटले की त्या गाणे लावत, ‘दाणे’ म्हटले की दाणे देत. मुलाला गाणे हवे होते, तोंडून ‘दाणे’ येत होते आणि हातावर दाणे पडत होते. चौथ्या-पाचव्या वेळी तो थांबला, बाईंच्या घशाकडे टक लावून पाहू लागला. एका ध्वनीने अर्थ बदलतो हे त्याला तिथे कळले. अर्थात ग पक्का बसायला पुढे सात महिने लागले. घरी ‘क म्हण, क म्हण’ असा धोशा आम्ही वर्षभर लावला होता, त्यातून मूल फक्त बोलायला कचरू लागले. तो ‘दाडी’ म्हणाला की ‘हो, गाडी आली’ एवढेच म्हणावे, पाहुण्यांसमोर तर मुळीच टोकू नये, असे माझे ठाम मत आहे.

थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे अशा व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी आहे का, हे आधी विचारा. संबंधित कायदा १९९२ पासून आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या भेटीला जाताना मराठी शब्दांबरोबर कन्नड शब्दांचीही यादी न्या, आणि जमल्यास त्याच्या आजीला सोबत न्या.