टोळ्यांचा खेळ : आधी नियम की पुतळे?

प्रश्न : मी नॉटिंगहॅमला राहतो. जगाच्या विनाशानंतर उजाड झालेल्या शहरातील टोळ्यांच्या चकमकींवर मी टेबलावर मांडायचा, छोट्या पुतळ्यांचा खेळ रचला आहे. तो स्वतंत्रपणे बाजारात आणताना आधी पुतळे घडवावेत की नियम छापावेत?

उत्तर : आधी नियम. २०१७ साली ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केलेला ‘गॅसलँड्स’ हा टेबलावरचा खेळ मुलांच्या खेळण्यातल्या छोट्या मोटारींवरच खेळला जातो, त्यामुळे नवख्याला तो फारसा खर्च न करता आजमावता येतो. तुमच्याही टोळीत पाच ते दहाच पुतळे असतील, तर लोक घरातले २८ मिलिमीटरचे जुने पुतळे काढतील. प्लॅस्टिकसाठी लागणारा पोलादी साचा फार महाग पडतो. मात्र फिरत्या रबरी साच्यात कथिलाचा मिश्रधातू ओतून थोडे पुतळेही परवडतात, तेव्हा ते काम मागाहून करा. माझ्या मते अशा खेळाचा खरा जीव दोन डावांच्या मधल्या हिशेबात असतो, कारण पाय जायबंदी झालेला गडी पुढच्या डावात एक इंच कमी चालू लागला, की खेळाडू त्याला जिवापाड जपू लागतो. हा भाग अनोळखी मंडळींकडून, स्वतः काहीही न समजावता, खेळवून घ्या आणि ती कुठे अडतात ते टिपून ठेवा.