बायोडेटात मुलीचा विषय का बदललात?

प्रश्न : माझी मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. हुशार आहे. पण पुढे पशुप्रजनन विषय घेऊन नर डुकरांच्या वीर्याच्या गुणवत्तेवरच काम करायचं म्हणते. मी म्हटलं, त्यापेक्षा उरुळी कांचनला बायफ या संस्थेत गाईंचं कृत्रिम रेतन कर, शेवटी काम तेच. नाहीतर एमपीएससी दे, किंवा कोथरूडला कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाक. स्थळं बघतोय; बायोडेटात सध्या 'मायक्रोबायोलॉजी' लिहिलंय. तिला समजवा.
– एक वडील, बिबवेवाडी

उत्तर : नमस्कार. पत्रातलं बायोडेटाचं वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. 'नीट' परीक्षा देऊन मिळवलेली जागा, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं शिक्षण, आणि वडिलांनी ते दुसऱ्याच विषयाच्या नावाखाली झाकून टाकलं. उद्या समोरच्यांनी दोन प्रश्न विचारले तर उत्तर कोण देणार? लिहिलंत तुम्ही, निस्तरायचं तिने.

गाईचं तेच काम तुम्हाला चालतं, म्हणजे अडचण वीर्य तपासण्याची नाही, डुकराची आहे. आपल्याकडे ज्या समाजांनी डुकरं पाळली त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं, आणि ती नजर आपल्या घरात अजून शाबूत आहे. हे कठोर वाटेल, पण तुमच्या पत्रात दुसरं कारणच सापडत नाही. तिच्या मार्कांबद्दल, या विषयातल्या पगाराबद्दल, नोकरीबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. 'लोक काय म्हणतील' हे मात्र ओळीओळीत आहे.

आता 'शेवटी काम तेच' याबद्दल. ते तेच नाही. गाईची रेतमात्रा म्हणजे पाव मिलिलिटरची कांडी, साधारण दोन कोटी शुक्राणू, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकणारी. डुकराच्या शुक्राणूंना थंडी सोसत नाही. तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की त्यांच्या आवरणाला इजा होते, आणि गोठवलेल्या वीर्यावर गर्भधारणेचं प्रमाण घटतं. म्हणून ते पातळ करून १७ अंशांच्या आसपास ठेवतात आणि साध्या द्रावणात तीन ते पाच दिवसांत वापरतात. एका मात्रेत ८० ते १०० मिलिलिटर द्रव, दोनशे ते तीनशे कोटी शुक्राणू. ते सूक्ष्मदर्शकाखाली हलताना दिसले म्हणजे झालं, असंही नाही. किमान ७० टक्के गतिशील हवेत हा पहिला निकष. त्यांचा आकार, डोक्यावरची टोपी (अ‍ॅक्रोसोम), आतला डीएनए हे पुढचं. आणि खरी गोम उन्हाळ्यात आहे. नराचा शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला सुमारे सहा आठवडे लागतात. एप्रिलच्या उकाड्याचं नुकसान मे-जूनमध्ये दिसतं, तेव्हा एप्रिल कोणाला आठवत नाही. माद्या गाभण न राहता २१ दिवसांनी पुन्हा माजावर येतात आणि दोष त्यांच्यावर जातो. कृत्रिम रेतनात एका नराचं वीर्य अनेक माद्यांना जातं, त्यामुळे एक नर बिघडला तर अख्ख्या फार्मचं गणित कोसळतं. तुमच्या मुलीला हे कोडं सोडवायचं आहे. मला तिची निवड उत्तम वाटते.

परीक्षांचं थोडक्यात : एम.व्ही.एस्सी.च्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, अखिल भारतीय जागांसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) प्रवेश परीक्षा, राज्यातल्या जागांसाठी माफसूची, म्हणजे राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची प्रक्रिया. पशुधन विकास अधिकारी पदासाठी एमपीएससी तिला नंतरही देता येईल. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याची आवड तिला असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही, तेव्हा तो विषय सोडा.

तिला समजवायचंच तर मी वेगळं समजावेन, आणि हा भाग तिला वाचायला द्या. बाई, हे काम पुण्यात बसून होणार नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातली सुमारे ९० लाख डुकरं मोजली गेली, त्यातली २१ लाख एकट्या आसामात. आयसीएआरचं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रही गुवाहाटीजवळ राणी इथे आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२०मध्ये भारतात पहिल्यांदा आढळला तोही ईशान्येतच, आणि या रोगात कळपच्या कळप संपतात. नोकरी निवडताना ही जोखीम धरूनच चाल. कृत्रिम रेतनामुळे नर गावोगाव न्यावा लागत नाही, म्हणून रोग पसरण्याची एक वाट बंद होते; पण काही विषाणू वीर्यातूनही जातात, त्यामुळे नराची तपासणी हाही तुझ्याच कामाचा भाग असेल. स्वतःचं काही उभारायचं ठरलं तर राष्ट्रीय पशुधन अभियानात वराह पैदास केंद्राला ५० टक्के, कमाल ३० लाखांपर्यंत अनुदान आहे. पण आधी चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या फार्मवर राब.

आणि काका, अर्ज भरायच्या आधी तिला राणीच्या केंद्राला पत्र लिहून काही दिवस तिथलं काम बघता येईल का, हे विचारू द्या. परवानगी मिळाली तर तुम्हीही सोबत जा. बायोडेटा मात्र आज संध्याकाळीच दुरुस्त करा.