‘प्रिव्हॅरिकेट’ आणि वाकडं तास

जळगावच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने विचारलंय: इंग्रजीतल्या ‘प्रिव्हॅरिकेट’चा अर्थ ‘काम लांबणीवर टाकणे’ असाच ना? आणि त्याचं लॅटिन मूळ काय?

अजिबात नाही. लांबणीवर टाकणे म्हणजे ‘प्रोक्रॅस्टिनेट’. त्यात ‘क्रास’, म्हणजे उद्या, दडलाय. दोन्ही शब्द लांबलचक आणि ‘प्र’ने सुरू होणारे, एवढ्या भांडवलावर भाषणांत नि युक्तिवादांत सर्रास अदलाबदल चालते. ऐकून कान किटले. प्रिव्हॅरिकेट करणारा उत्तर लगेच देतो, फक्त मुद्द्याला बगल देऊन.

मूळ शब्द ‘व्हारुस’, म्हणजे वाकड्या पायांचा. हाडांचे डॉक्टर बाहेर वाकलेल्या गुडघ्यांना आजही ‘जेनू व्हेरम’ म्हणतात. त्यावरून ‘व्हारिकारे’, पाय फाकून चालणे, आणि पुढे ‘प्रेव्हारिकारी’. बरेच कोश इथेच हात झटकतात, आणि नेमकं तेच मला खटकतं. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या ग्रंथाच्या 18व्या, शेतीच्या खंडात हेच क्रियापद वापरून सांगतो: नांगऱ्या वाकून चालला नाही तर तास, म्हणजे नांगराची ओळ, वाकडं जातं, आणि हा गुन्हा तिथूनच न्यायसभेत गेला!

आपल्या खान्देशातल्या काळ्या रानात हे समजावून सांगावं लागत नाही. रुमण्यावरचा हात सैल पडला की फाळ वर येतो. बैल चालतच राहतात, बांधावरून बघणाऱ्याला रान नांगरलेलं दिसतं, आणि मधला पट्टा कोराच राहतो. रोमन कायद्यातला ‘प्रेव्हारिकातोर’ हुबेहूब असाच: आरोपीला आतून सामील झालेला फिर्यादी. खटला चालवल्याचं दाखवायचं आणि नेमका पुरावा सोडून द्यायचा.

लाबेओ हा रोमन कायदेपंडित मात्र हा शब्द ‘व्हारिया चेर्तातिओ’, म्हणजे दोन्हीकडून झुंजणे, यातून ओढून काढतो. नांगराकडे न बघता केलेली व्युत्पत्ती! मी प्लिनीच्या बाजूचा. ‘डिलिरियम’ बघा ना: ‘लिरा’ म्हणजे नांगरटीतला वरंबा, तो सोडून भरकटणं म्हणजे भ्रम. लॅटिनला शेतातून शब्द उचलायची सवयच होती.

तेव्हा साक्षीदार पुढची तारीख मागत असेल तर हे क्रियापद लावू नका. ‘त्या रात्री कुठे होतास?’ विचारल्यावर तो कपाशीचा भाव सांगू लागला, तर खुशाल लावा.