पायाला पट्टी बांधण्याआधी
ताई, लिम्फोडिमाच्या, म्हणजे लसिका हा द्रव साचून सुजलेल्या, पायाला दाबपट्टी बांधण्यापूर्वी घोट्याजवळचा रक्तदाब दंडातल्या रक्तदाबाशी ताडून पाहण्याची तपासणी अवश्य करून घ्या, कारण धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टीने पायाचा रक्तपुरवठाच कमी पडू शकतो. पट्टीचा किंवा दाबमोज्याचा दाब घोट्याशी जास्त आणि वर मांडीकडे कमी होत गेला पाहिजे. माझ्या गुडघ्यामागे दाबमोज्याची वळी पडून तिथे दोरीसारखा लाल वळ उठला होता आणि त्याखालची सूज उलट वाढली होती. तेव्हापासून मोज्याची वरची कड मी कधीही दुमडत नाही. बोटे निळसर किंवा बधिर झाली, तर मध्यरात्र असली तरी पट्टी सोडा. बोटांच्या बेचक्या रोज हलक्या हाताने कोरड्या करा, कारण तिथल्या भेगांतून जंतू शिरू शकतात, आणि थंडी वाजून ताप आला व पायावर लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.