सत्तेचाळिसाव्या वर्षी नवे काम शिकण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, पुण्याच्या एका कारखान्यात इतकी वर्षे हिशेब लिहिल्यावर आता नव्या संगणकप्रणालीमुळे आपले निम्मे काम आपोआप होऊ लागले आहे, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी काही शिकावे का, कोणता अभ्यासक्रम घ्यावा आणि बारावीतल्या मुलीला कोणत्या शाखेला घालावे. मी हिशेबनीस नाही. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून, म्हणजे लेथ या यंत्रावर धातूचे भाग कातणारा कामगार म्हणून, माझी नोकरी झाली. तरीही लिहितो, कारण हाच प्रश्न आमच्या घरात अनेक वर्षे धुमसतो आहे.

मी चव्वेचाळीस वर्षांचा असताना आमच्या मालकांनी पहिले सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारा लेथ, आणले. तोवर पंपांचे शाफ्ट आम्ही साध्या लेथवर काढत होतो. नव्या यंत्रासाठी डिप्लोमा झालेला एक तरुण मुलगा नेमला आणि मला सांगण्यात आले की, शिकायचे असेल तर दुसऱ्या पाळीत त्याच्याजवळ उभे राहा, नाहीतर जुना लेथ आहे तोवर आहे. त्याच सुमारास आमचे मेहुणे घरी जेवायला आले होते. २००१ च्या सुमारास सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा शाखेतला संगणक नको म्हणून ते बाहेर पडले होते. पोराच्या हाताखाली उभे राहण्यापेक्षा हिशेब घेऊन मोकळे व्हा, असा सल्ला त्यांनी मला भर पंगतीत दिला.

मी उभा राहिलो. आमच्या यंत्राच्या कंट्रोलवर ‘एक्स ४०’ एवढेच टाकले आणि पुढे दशांशाचा बिंदू दिला नाही, तर यंत्र ते ४० मिलिमीटर न समजता ४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ४० हजारांश, समजते, आणि मग टूल, म्हणजे कापणारी हत्यारपाती, जॉबमध्ये, म्हणजे कातायच्या तुकड्यात, घुसते. शिवाय लेथवर एक्सचा आकडा म्हणजे व्यास, त्रिज्या नव्हे. मी आकडे भरत असताना तो मुलगा मागून फक्त ‘काका, पॉइंट’ एवढेच म्हणायचा. उलट लांब आणि बारीक शाफ्ट थरथरू लागला की पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज येतो, तो त्याला ऐकूच येत नसे, कारण त्याचे सगळे लक्ष पडद्यावर असे. अशा वेळी फेरे कमी करावेत, टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा, आधार द्यावा आणि टूलचे टोक तपासावे, हे त्याला मी दाखवले. हळूहळू मालक कठीण जॉब आम्हा दोघांच्याच पाळीला देऊ लागले. या सगळ्यात डोक्याला फारसा त्रास झाला नाही. जड गेले ते मुलाच्या वयाच्या माणसाला, तेही चार कामगारांसमोर, ‘हे कसे करतात’ असे विचारणे. मेहुण्यांना तेच जमले नसते, आणि त्याला ते आजही स्वाभिमान म्हणतात.

वास्तविक हे आम्हा वडोदरेकरांना कोणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तिथे रंगकाम आणि यंत्रकाम यांसारखे विषय शिकवले जात, आणि हे शिक्षण मातृभाषेतून मिळावे असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला, आणि १९१२ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, चित्रपट कसा काढतात हे पाहायला ते लंडनला गेले. मेहुण्यांना हे सांगितले की ते म्हणतात, फाळके असामान्य होते. तसे असेल, परंतु त्यांना गोध्र्याहून काही असामान्यपणाने हलवले नाही, प्लेगने हलवले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, त्या दिवशी व्हॅट, उत्पादनशुल्क आणि सेवाकर यांचे आपले बरेचसे ज्ञान निरुपयोगी झाले, आणि तरीही पुढची विवरणपत्रे आपणच भरली असणार. त्यामुळे मोठे शिक्षण एकदा आपण कामावरच करून बसला आहात, फक्त त्याला प्रमाणपत्र नाही. बाहेरच्या क्लासचा पंचवीस-तीस हजारांचा अभ्यासक्रम माझ्या मते घेऊ नये. ज्या प्रणालीने आपले काम काढून घेतले, तिच्याजवळच बसावे. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, अडकते कुठे, पुरवठादाराच्या चुकीमुळे जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणारा आपल्या खरेदीवरील कराचा तक्ता, जुळत का नाही, लेखापरीक्षक कोणती नोंद उलगडून मागतो, हे प्रणाली बसवणाऱ्या मुलांना ठाऊक नसते. त्यांना चहा पाजावा आणि पडद्यामागचे सगळे विचारून घ्यावे.

मुलीबद्दल थोडक्यात सांगतो. शाखेच्या नावावर जाऊ नका. आमच्या भाच्याला मेहुण्यांनी, नाव चालते म्हणून, खासगी महाविद्यालयात संगणक शाखेला घातले. चार वर्षांची फी भरून तो आज विमा विकतो, आणि उत्तम विकतो, परंतु त्यासाठी ती फी लागत नव्हती. मुलीला सुट्टीत आठवडाभर एखाद्या लहान कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा आपल्याच कचेरीत बसवा आणि कशात तिचे मन लागते ते पाहा. आयटीआय किंवा डिप्लोमा हे नाव घरात उच्चारायला लाज वाटत असेल, तर ती लाज आपली आहे, तिच्यावर लादू नये.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. मला शिकताना पगार चालू होता, कर्ज नव्हते आणि मालक सरळ होते. ज्याचा कारखानाच बंद पडला, किंवा जो ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे, त्याला हे उत्तर लागू पडेलच असे नाही. आमच्याच शहरात मोठमोठी कारखानदारी बंद झाल्यावर चांगले कारागीर दुसऱ्यांच्या दारावर पहारेकरी झालेले मी पाहिले आहेत. आपली नोकरी अजून शाबूत आहे, म्हणून प्रणालीच्या प्रशिक्षणाला आपले नाव घालावे, असे वरिष्ठांना या महिन्यातच लेखी कळवा. तोंडी सांगितलेले आमच्या मालकांच्याही लक्षात राहत नसे.