पहिला रॅम्प बांधताय? आधी त्रिज्या ठरवा

मित्रा, बीएमएक्स (कसरतींची छोटी सायकल) स्पर्धेतले बारा फुटी रॅम्प बघून सुरुवात करू नकोस. पहिला क्वार्टर पाइप (एका बाजूने वक्र चढत जाणारा रॅम्प) ३ फूट उंच, ८ फूट रुंद ठेव. प्लायची शीट ८ बाय ४ची येते, त्यामुळे रुंदीत कापाकापीच नाही.

सगळा खेळ वक्राचा आहे. नवखे हमखास उंचीइतकीच त्रिज्या धरतात, मग ३ फुटांतच वक्र भिंतीसारखा उभा होतो आणि चाक आपटतं. त्रिज्या ७ फूट घे. वरच्या कडेला उतार साधारण ५५ अंशांचा येतो, शिकायला छान. वक्र आखताना दोरी नको, ती ताणली जाते. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा, ७ फुटांवर पेन्सिल, झालं. रॅम्पच्या दोन्ही बाजूंचे प्लाय एकत्र धरूनच काप.

बाकी चुका नेहमीच्याच:

- आतली आडवी लाकडं एकमेकांपासून फार लांब लावणं. ८ इंचांवर एक हवंच, बीएमएक्सचं वजन स्केटबोर्डपेक्षा जास्त असतं.
- एकच जाड प्लाय वाकवायला जाणं. पातळ प्लायचे दोन थर दे, सांधे एकावर एक येऊ देऊ नकोस.
- स्क्रूची डोकी वर राहणं. (माझ्या कोपराला विचार!)
- वरच्या कडेचा लोखंडी पाइप जास्त बाहेर काढणं. दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुरे.

पावसाळ्यात ताडपत्री टाक, खाली विटा देऊन जमिनीपासून उचलून ठेव. स्पाइन, बॉक्स जंप वगैरे रॅम्पच्या पुढच्या प्रकारांचं नंतर बोलू. आधी कागदावर आखून फोटो टाक, कापण्याआधी बघतो.