‘नेक्स्ट चेंज’ आणि ‘लवकरच’

प्रिय,

रविवारी तू वही माझ्याकडे विसरून गेलीस. विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते तुझं तुला ठाऊक. आठवडाभर ती टेबलावर होती. निवृत्त माणसासमोर कुणाची वही पडून राहिली की काय होतं, ते तुला पानोपानी पेन्सिलीच्या खुणांत दिसेलच.

साप्ताहिकाने तुला पंधरवड्याचं सदर दिलं, विषयही तुझ्या आवडीचा दिला: येऊ घातलेले सायन्स फिक्शन आणि ॲक्शन सिनेमे, मालिका. आनंद आहे. मी तीस वर्षं वर्तमानपत्रात सिनेमाचं पान लावलं, पण इंग्रजी सिनेमाला आमच्याकडे तीन ओळी मिळायच्या. त्याही जाहिरात आली असेल तर.

तुझ्या यादीत त्रेचाळीस नावं आहेत. प्रत्येकापुढे तारीख आणि प्रत्येकापुढे एकच क्रियापद: ‘येतोय’. माझं भांडण या ‘येतोय’शी आहे.

जुन्या थिएटरांच्या दारात काचेची कपाटं असायची, तू पाहिली नसशील. आत टाचण्यांनी लावलेले फोटो. पुण्याच्या अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमे लागायचे, तेव्हा तिकीट काढायला पैसे नसले तरी नुसते फोटो बघायला आम्ही टिळक रोडवरून चालत जायचो. एका कपाटावर लिहिलेलं असायचं ‘नेक्स्ट चेंज’. म्हणजे पुढच्या शुक्रवारी, नाही तर त्याच्या पुढच्या. दुसऱ्यावर ‘लवकरच’. या दुसऱ्या कपाटातले काही फोटो उन्हाने पिवळे पडायचे, टाचण्या गंजायच्या, पण सिनेमा काही यायचा नाही. दोन कपाटांतला फरक आम्हाला शाळकरी वयात कळायचा. तुझ्या वहीत मात्र सगळे फोटो एकाच कपाटात कोंबलेत.

यातली चूक मी स्वतः केली आहे, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका वितरकाच्या माणसाचा फोन आला, अमुक मारधाडपट शुक्रवारी लागतोय. मी लिहिलं, ‘येत्या शुक्रवारी पुण्यात’. थिएटरला फोन केला नाही, सेन्सॉरचं काय झालं विचारलं नाही. सोमवारी एक गृहस्थ ऑफिसात आले. आवाज चढवला नाही, नुसती पीएमटी बसची चार तिकिटं माझ्या टेबलावर ओळीने ठेवली. हडपसरहून दोन मुलांना घेऊन आले होते, थिएटरात मागच्याच आठवड्याचा हिंदी सिनेमा चालू होता. प्रिंट मुंबईहून निघालीच नव्हती. मी दिलगिरी व्यक्त करायला उठलो, तर म्हणाले, “तिकिटं राहू द्या.” निवृत्त होईपर्यंत ती टेबलाच्या काचेखाली होती.

आता तू म्हणशील की तेव्हाची गोष्ट वेगळी होती. होती, आणि फारच वेगळी होती. ‘जुरासिक पार्क’ अमेरिकेत जून १९९३ मध्ये लागला आणि आपल्याकडे एप्रिल १९९४ मध्ये, हिंदी आवाजासकट. दहा महिने आम्ही नुसती वर्णनं वाचली. उलट २०२५ मध्ये ‘मिशन इम्पॉसिबल’चा शेवटचा भाग भारतात १७ मे रोजी लागला आणि अमेरिकेत २३ मे रोजी. तेव्हा प्रिंट म्हणजे रिळांचे डबे, एका रिळात जेमतेम वीस-बावीस मिनिटं, सव्वादोन तासांच्या सिनेमाला सहा-सात डबे. ते हमालाच्या डोक्यावरून उतरले की आम्ही समजायचो, सिनेमा आला. आता डिजिटल प्रिंट कुलूपबंद फाइल होऊन येते आणि तिची किल्ली वेगळी येते. किल्ली त्या एकाच प्रोजेक्टरच्या सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. म्हणजे शेवटचा टप्पा झाला पक्का. डळमळीत झालाय तो पहिला टप्पा, घोषणेचा. कारण घोषणा आता सिनेमा तयार झाल्यावर होत नाही, सिनेमा लिहिला जाण्याआधी होते.

स्वारगेटला एसटी फलाटाला लागायच्या आधी लोक खिडकीतून रुमाल टाकतात ना, स्टुडिओवाले तेच करतात. नाताळचा आठवडा, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी या खिडकीजवळच्या जागा. पटकथा असो-नसो, रुमाल पडतो. ‘अवतार’च्या चौथ्या भागासाठी २१ डिसेंबर २०२९ ही तारीख अडवून ठेवलेली आहे. तू वहीत लिहिलंस, ‘अवतार ४ येतोय’. अगं, दुसऱ्या भागाचा रुमाल डिसेंबर २०१४ वर टाकला होता आणि माणूस बसायला आला डिसेंबर २०२२ मध्ये. आठ वर्षांत प्रेक्षकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली.

दुसरं उदाहरण तुझ्याच लाडक्या सिनेमाचं. जुलै २०२२ मध्ये मार्व्हलने एक ‘ॲव्हेंजर्स’ जाहीर केला. नाव ‘द कँग डायनॅस्टी’, तारीख २ मे २०२५. दिग्दर्शकही जाहीर झाला. मग दिग्दर्शक बाजूला झाला, कँग हा खलनायक बाजूला झाला, नाव ‘डूम्सडे’ झालं, तारीख आधी १ मे २०२६ आणि नंतर १८ डिसेंबर २०२६ झाली. २०२२ मध्ये कुणी तुझ्यासारखं ‘येतोय’ लिहिलं असेल, तर त्यातला एक शब्द तरी खरा ठरला का? ‘ॲव्हेंजर्स’ एवढाच.

त्याच १८ डिसेंबरवर ‘ड्यून: पार्ट थ्री’चाही रुमाल आहे. मी हे लिहितोय तोवर दोघंही हटलेले नाहीत. दोन्हींचं चित्रीकरण २०२५ मध्ये झालं, म्हणून या दोन तारखांना वजन आहे. तरी पेन्सिलनेच लिही.

तुझी भाषा इथे तुझ्या मदतीला आहे, हे मला मुख्यतः सांगायचंय. इंग्रजी बातमीत एकच ‘अपकमिंग’ असतं, ते सगळीकडे लावून मोकळे होतात. आपल्याकडे बघ किती पायऱ्या आहेत. दिग्दर्शक मुलाखतीत म्हणाला की मला हा विषय करायला आवडेल, तर ‘करणार म्हणे’. हा ‘म्हणे’ फार गुणी शब्द आहे, बातमी पोचते आणि आपल्या गळ्यात जबाबदारी पडत नाही. स्टुडिओने जाहीर केलं पण लेखक अजून लिहितोय, तर ‘करायचं ठरलंय’. कॅमेरा सुरू झाला असेल तर तेच लिही, ‘चित्रीकरण सुरू आहे’, आणि कुठे ते लिही. चित्रीकरण संपलं, तारीख लागली, तर ‘यायचा आहे’. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं की ‘येणार’. आणि ‘येतोय’ हा शब्द पुण्याच्या थिएटरांचं बुकिंग उघडेपर्यंत कपाटात ठेव. मी तुझ्या त्रेचाळीस नावांना ही क्रियापदं लावून पाहिली. ‘येतोय’ला दोनच पात्र ठरली. ‘म्हणे’ला एकोणीस!

‘बहुप्रतीक्षित’ मी सगळीकडे खोडला आहे. कोण प्रतीक्षा करतंय? तू करतेस. मग ‘मी वाट बघतेय’ असं लिही, आणि का ते लिही.

मग ‘म्हणे’वाली नावं टाकूनच द्यायची का, असं विचारशील. मुळीच नाही. त्यांतही वाचण्यासारखं असतं. सत्यजित राय यांनी १९६७ च्या सुमारास बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात उतरलेल्या परग्रहवासीयाची पटकथा लिहिली, नाव ‘द एलियन’. कोलंबिया पिक्चर्सशी बोलणी झाली, पीटर सेलर्स या नटाचं नाव आलं, आणि सिनेमा झालाच नाही. आपल्याकडच्या सायन्स फिक्शनमधला सगळ्यात नामांकित ‘लवकरच’ तो. न झालेला सिनेमासुद्धा सांगण्यासारखा असतो, फक्त तो झाल्यासारखा सांगू नये. आणि चित्रीकरण झालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. ‘बॅटगर्ल’चं चित्रीकरण झालं होतं, संकलन चाललं होतं, ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर स्टुडिओने तो कुठेही दाखवायचा नाही असं ठरवलं. कपाटातले फोटो खरे होते, सिनेमाही खरा होता, तरी नाही.

तारीख हलली की लगेच ‘सिनेमात काहीतरी गडबड आहे’ असं लिहायची हल्ली खोड आहे. तुझ्याही वहीत दोनदा आहे. कारण शोध. ‘ड्यून’चा दुसरा भाग ३ नोव्हेंबर २०२३ ला लागायचा होता, तो १ मार्च २०२४ ला लागला. सिनेमात खोट नव्हती. हॉलिवुडचे नट ११८ दिवस संपावर होते, आणि संपात प्रसिद्धीला कोण येणार? त्याआधी लेखकांचा संप, तो १४८ दिवसांचा. ‘कल्की २८९८ एडी’ १२ जानेवारी २०२४ वरून ९ मेवर गेला, मेमध्ये लोकसभेची निवडणूक, मग २७ जून. उलट ‘सॉनिक’ खरोखर सिनेमातल्याच कारणाने लांबला: एप्रिल २०१९ च्या ट्रेलरमध्ये त्या निळ्या प्राण्याचे दात बघून लोकांनी इतकी बोंब मारली, की तो पुन्हा घडवला आणि नोव्हेंबरचा सिनेमा फेब्रुवारी २०२० वर गेला. ‘आदिपुरुष’च्या टीझरनंतरही तेच, जानेवारी २०२३ चा जून झाला. चार उशीर, तीन कारणं.

ट्रेलरबद्दल थोडक्यात. तो सिनेमा नव्हे. व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर घडवलेले शॉट तेव्हा अर्धवट असतात, संगीत बहुधा दुसरं असतं, आणि त्यातले शॉट सिनेमात असतीलच असं नाही. ‘रोग वन’च्या ट्रेलरमधले कितीतरी शॉट थिएटरात दिसलेच नाहीत. पान अकरावर तू ज्या ट्रेलरचं रसभरीत वर्णन केलंस, तो स्टुडिओचा नाहीच, कुणीतरी एआयवर बनवलेला आहे. तो टाकणाऱ्या चॅनलचं नाव वाच. नटाची बोटंही मोज, मी मोजली.

मालिकांचा भाग तू फार घाईत उरकलास, आणि तिथेच खरी मेख आहे. ‘पुढचा सीझन मंजूर’ ही बातमी म्हणजे साखरपुडा. लग्नाची तारीख वेगळी. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन एप्रिल २०२२ मध्ये संपला आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. वाचकाला हे सांग, आणि त्याच्या जोडीला आधीच्या सीझनमध्ये काय झालं होतं तेही चार ओळींत सांग, कारण पावणेतीन वर्षांनी कुणाला आठवतंय? मालिकेत आणखी एक प्रश्न विचारत जा: गोष्ट किती सीझनची ठरली आहे? ‘अँडॉर’ आधी पाच सीझनची योजली होती, मग दोनच केले, बारा-बारा भागांचे, आणि गोष्ट पुरी केली. ‘वेस्टवर्ल्ड’ला पाचवा हवा होता, चौथ्यावर बंद पडली. अर्धवट राहणाऱ्या गोष्टीत वाचकाच्या आठ-दहा रात्री जातात. सिनेमाचं तिकीट त्यामानाने स्वस्त.

सायन्सवर मी बोलणारा कोण, पण तू पुण्यात बसून लिहितेस म्हणून बोलतो. या गावात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. कथेने ते मिळवलं. चाळीस वर्षांनी ‘इंटरस्टेलर’मधलं कृष्णविवर पडद्यावर दिसलं, त्यामागे किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाची समीकरणं होती, आणि त्या कामावर शोधनिबंधही निघाले. येऊ घातलेल्या सिनेमाबद्दल लिहिताना अशा ठिकाणी थांब. नटांची यादी सगळेच देतात. विज्ञान सल्लागार कोण, मूळ कादंबरी कोणती, ती मराठीत मिळते का, हे कुणी देत नाही. आणि त्या गोष्टीतलं विज्ञान काढून घेतलं तर काय उरतं, हे स्वतःला विचार. नुसती मारामारी उरत असेल तर तो ॲक्शनपट आहे. त्यात कमीपणा काही नाही, मी आयुष्यभर बघत आलोय, पण मग तो ॲक्शनच्या रकान्यात घाल.

नारायणगावजवळच्या खोडदला आणि आसपासच्या परिसरात मिळून रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला लोकांना आत सोडतात. एखादी डिश वळताना एकदा खाली उभी राहून बघ. नंतर पडद्यावर कुणी छपरावरच्या छत्रीतून आकाशगंगेशी गप्पा मारायला लागला, की तुला आपोआप हसू येईल.

पहिला लेख मंगळवारपर्यंत द्यायचा आहे ना? त्रेचाळीस नावं नकोत, पाच घे. दोन ‘येतोय’वाली, दोन ‘यायचा आहे’, आणि एक ‘म्हणे’, ज्याच्यावर तुझा जीव आहे ते. तारखेशेजारी तू ती कोणत्या दिवशी तपासलीस ते लिही. जे हललं ते पुढच्या लेखात पहिल्या ओळीत कबूल कर, तळाशी बारीक टायपात नको.

वही न्यायला शनिवारी संध्याकाळी ये, दुपारी नको, दुपारी दार उघडणार नाही. पान चौदावर चहा सांडलाय, तो माझ्याकडूनच. त्याच्याखाली एका सिनेमाचं नाव पुसलं गेलंय. पण घाबरू नकोस, तो ‘म्हणे’तलाच होता.

तुझा,
काका